दुसऱ्या भागात मास्तर सापडला

"कूलर बंद करा बापा, ते लोक बोलून राह्यले!"

एप्रिल महिन्यात, भर दुपारी, पवनारसारख्या गावात कोणी असं ओरडेल आणि बाकीचे मुकाट्यानं ऐकतील, हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी त्याला वेड्यात काढलं असतं. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. दारं-खिडक्या लावून आम्ही पाच जणं समोरच्या खोलीत सतरंजीवर बसलेलो, पाठीवरून घामाचे ओघळ, आणि टीव्हीवर मांडीएवढा बर्फ. त्या बर्फाच्या देशातली माणसं इतकी हळू बोलतात की त्यांना हिंदीत आवाज दिला तरी ती हळूच बोलतात. कूलर चालू असला की एक अक्षर कळत नाही. म्हणून कोणी महत्त्वाचं बोलायला लागलं की शेजारचे कोतवाल ओरडायचे आणि माझी वहिनी उठून बटण बंद करायची.

सिनेमा पोलिसांचा, खुनाचा. नॉर्वेचा की स्वीडनचा, ते भाचीनं मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा विसरले. मला दोन्ही सारखेच. दोन्हीकडे माझी गाडी जात नव्हती.

माझी गाडी म्हणजे लाल गाडी. सारा जन्म कंडक्टरकीत गेला. केळझरच्या रस्त्यावर चतुर्थीच्या गर्दीत दारात लोंबकळणाऱ्यांना आत रेटणं, सुट्ट्या पैशांवरून भांडणं, दारू पिऊन चढलेल्याला पुढच्या थांब्यावर कॉलर धरून उतरवणं, हे सगळं करता करता आवाज असा झाला की घरात मी हळू बोलले तरी गल्लीत ऐकू जातं. लग्न केलं नाही. भाऊ-वहिनीजवळच राहिले, आणि निवृत्त झाल्यावर इथंच आहे. लिहायला बसले की पुस्तकातली भाषा येते आणि संताप आला की घरची. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

भाऊ-वहिनीजवळ म्हटलं खरं, पण भाऊ घरात नाही. दहा-बारा वर्षं झाली. भाची, त्याची मुलगी, तेव्हा शाळेत होती. एका सकाळी दादा चहा पिऊन सायकलीनं निघाला, वहिनीला म्हणाला, वर्ध्याले जाऊन येतो. सायकल स्टेशनच्या स्टँडवर सापडली, कुलूप लावलेली. दादा सापडला नाही. कोणत्या गाडीत बसला, बसला की नाही, कोणी सांगू शकलं नाही.

तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या मागच्या फळ्या. आमच्या विहाराच्या फाटकावरचं निळं चक्र त्याचंच. अक्षर असं काढायचा की वाचता न येणारा माणूसही थांबून पाहायचा. मग फ्लेक्स आले. एका दुपारात पाटी छापून मिळायला लागली तर आठवडाभर ब्रश घेऊन बसणाऱ्याला कोण विचारतं? दादा कोणाला काही बोलला नाही. तो बोलतच नसे फारसा. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं होतं, त्याच्या वाट्याचंही.

पोलिसात तक्रार दिली, पेपरात फोटो दिला. त्यानंतर वर्षानुवर्षं मधूनमधून फोन यायचा. अमुक ठिकाणी एक अनोळखी बॉडी आहे, वय-उंची जुळते, ओळखायला या. वहिनी कधी गेली नाही. मी जायची. मला रस्ते माहीत, पोलिसांशी बोलायची सवय, आणि अंगावर खाकी असली की कोणी उगाच हिडीसफिडीस करत नाही. आत जायची, बाहेर यायची, आणि म्हणायची, "हा नाई."

आता खरं सांगते, 'हा नाई' म्हटल्यावर मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू! आत कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी नवरा पडलेला असायचा, आणि मी बाहेर येऊन स्टँडसमोरच्या गाडीवर तर्री-पोहे खायची. भूकच लागायची तशी. घरी आल्यावर दारातूनच ओरडायची, "हा नाई वैनी!" वहिनी मान हलवायची आणि पाण्याचा तांब्या पुढं करायची. याच्यावर आमच्या घरात कधीच काही बोलणं झालं नाही. ती विचारत नसे, मी सांगत नसे.

भाची शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीत भलामोठा टीव्ही घेऊन आली. तिला या पोलिसांच्या सिनेमांचं वेड. मला म्हणाली, "आत्या, तू बघ, तुला आवडेल, तुला सगळ्यांवर संशय घ्यायची सवय आहे." कंडक्टरला ती सवय नसेल तर त्यानं घरी बसावं.

त्या बर्फाच्या सिनेमाचा पहिला भाग आम्ही त्या दिवाळीतच पाहिला. भाची, मी, वहिनी, समोरच्या घरातल्या अंगणवाडीच्या बाई, आणि कोतवाल. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखाली जन्मभर दवंड्या दिलेला आणि पंचनाम्यांना हजर राहिलेला माणूस, त्यामुळे गुन्ह्याच्या बाबतीत आपल्याइतकं कोणाला कळत नाही असा त्यांचा ठाम समज. सिनेमातल्या लोकांची नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्हीच नावं ठेवली. पोलीस बाई होती तिचं नाव ठाणेदारीण. एक शाळेचा मास्तर गायब होतो, तो मास्तर. त्याची बायको मास्तरीण. गोठलेल्या तळ्याच्या काठी मास्तरची मोटार सापडते, आत कोणी नाही.

काय काय बोलणी झाली त्या दिवशी! "पंच कुठं हायेत?" कोतवाल सारखे विचारत. "पंचाशिवाय पंचनामा? अशी केस कोर्टात उभी राह्यत नाई." अंगणवाडीच्या बाईंना वेगळाच घोर. "यायच्या घरी शेजारीपाजारी कोणी येत नाई का वो? नवरा हरवला अन् बाई एकटीच कॉफी पिऊन राह्यली. आपल्याकडं असतं तं आतापर्यंत सतरंजी कमी पडली असती." ठाणेदारीण दिवसभर उभ्या उभ्याच काहीतरी खायची, तिच्याबद्दल मी म्हटलं, ही आमच्यातलीच, ड्युटीवरची बाई अशीच जेवते.

आणि पहिला भाग संपला तेव्हा मास्तर सापडलेलाच नव्हता! नुसतं तळं दाखवलं, वर बर्फ पडतोय, संपलं. कोतवाल उठून उभे राहिले. "हे काय? झालं? अन् खुनी?" "दुसऱ्या भागात," भाची म्हणाली. "म्हंजे आमाले बसवून ठेवलं फुकट?" अंगणवाडीच्या बाई तर जाताना दारापर्यंत शिव्या देत गेल्या.

वहिनी तेवढी काही बोलली नाही. रात्रीची भाकर थापताना मला म्हणाली, "ते मास्तरीण रोज सकाळी दारासमोरचा बरफ काऊन काढते, मालूम हाय का ताई?"

"रस्ता मोकळा राहावा म्हणून. काढा लागत असन तिकडं."

"तिले कुठी जायचं नव्हतं," वहिनी म्हणाली. "त्याले येता यावं म्हणून काढे ते."

 भाकर फुगली, तिनं उलटली.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. मुलगा वडनेरचा, तोही पुण्यालाच नोकरीला, माणसं समजूतदार. मे महिन्यातली तारीख धरली. सगळं सुरळीत चाललं होतं आणि गाडी अडली ती पत्रिकेवर.

आमच्यात पत्रिकेवर जिवंत माणसाच्या नावाआधी 'आयुष्मान' लागतं, बाईच्या नावाआधी 'आयुष्मती', आणि जो गेला त्याच्या नावाआधी 'कालकथित'. आजोबा-पणजोबांपासून मामा-मावशांपर्यंत सगळ्यांच्या नावाआधी यातलं एक काहीतरी असतंच. पत्रिका हातात पडली की म्हातारी माणसं आधी तेच वाचतात, कोण राहिलं, कोण गेलं. मग दादाच्या नावाआधी काय लिहायचं?

भाची म्हणाली, "मला बाबांचं नाव पाहिजे. वधूपिता म्हणून पाहिजे, आणि तेही सगळ्यात वर. पुढचं तुम्ही दोघी ठरवा."

मी म्हटलं, नुसतं नाव लिहू, आधी काही नको. तर पोरगी म्हणते, "आत्या, सगळ्यांच्या नावाआधी आहे आणि माझ्याच बाबांच्या नावाआधी रिकामं? सगळे तिथंच बोट ठेवतील." खरंच होतं. वडनेरच्या सासऱ्यांनी फोनवर अगदी हळू आवाजात विचारलं होतं, 'आमच्याकडच्या पत्रिकेत कसं छापायचं?' कोतवाल येऊन सांगून गेले, "सात वर्सं झाली का कायदा मेला म्हणूनच धरते. तुम्ही काऊन अडून बसल्या?" मी त्यांना म्हटलं, तुमचा कायदा तुमच्या घरी न्या. ज्याचं जळते त्यालेच कळते.

वहिनीला विचारलं की ती म्हणायची, ताईले विचारा. मला विचारलं की मी म्हणायची, नवरा तिचा, ती ठरवन. असं आठ-दहा दिवस चाललं. गावाला वाटत होतं वहिनी अडून बसली आहे. मलाही तेच वाटत होतं, आणि मनातून मला ते बरं वाटत होतं. ती 'कालकथित' म्हणत नाही तोवर दादा कुठंतरी आहे. कुठंतरी दूरच्या गावात, एखाद्या देवळाच्या, एखाद्या दुकानाच्या भिंतीवर अक्षरं काढत बसला आहे. मी तर परगावी गेले की अजूनही हातानं रंगवलेली पाटी दिसली की थांबायची, अक्षराचं वळण पाहायची. छापखानावाल्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. पोरीचं तोंड उतरलं होतं.

अशातच तो दुसरा भाग आला. भाची खरेदीसाठी सुटी काढून आली होती. म्हणाली, रविवारी सगळे बसू, जरा डोक्याला दुसरं काहीतरी. पोरगी बिचारी आमचंच मन रमवायला निघाली होती.

कोतवाल टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी हजर. "आज खुनी पकडल्याशिवाय मी उठत नाई." अंगणवाडीच्या बाईंनी कच्चा चिवडा करून आणला. सुरुवातीला मजाच होती. ठाणेदारणीची बदली झाली होती, तिच्या जागी एक तरुण साहेब आला होता, त्याला काहीच येत नव्हतं, यावर आमचं सर्वांचं एकमत झालं. मास्तरणीचे केस पांढरे झाले होते. "पाहा, येका हिवाळ्यात काय झालं बाईचं," अंगणवाडीच्या बाई हळहळल्या. मास्तरला पळवून नेलंय असं कोतवालांचं म्हणणं. मी म्हटलं, त्याची दुसरी बायको असणार परगावी. मला मनापासून तसं वाटत होतं. दुसरी बायको तर दुसरी, जिवंत तर आहे ना!

मग उन्हाळा आला, त्यांचा उन्हाळा. तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला. कूलर बंद केला होता, खोलीत कोणी हलत नव्हतं. आणि मास्तर सापडला. तळ्यातच होता, सारा हिवाळा, मोटारीपासून हाकेच्या अंतरावर.

"अरे बापा रे!" अंगणवाडीच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. "मारलाच का शेवटी?"

"येवढे दिवस वाट पाहून मेलेलाच निघाला!" कोतवाल भडकले. "अन् खुनी? म्हंजे खुनी नाईच? पाय घसरून पडला? अशा सिनेमाले दुसरा भाग काढतेत का?" खरंच खुनी नव्हता. रात्री तळं ओलांडत होता, बर्फ फुटला, गेला. दोन भाग आम्ही ज्याला त्याला खुनी ठरवत होतो आणि तिथं कोणीच काही केलेलं नव्हतं. मलाही राग आला. असा राग मला कधी सिनेमाचा आला नव्हता. मी म्हटलं, "बंद कर तो. फालतू हाय." भाचीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला आता पश्चात्ताप होतोय, कुठून लावला.

"मागं घे," वहिनी म्हणाली.

"काय आई?"

"ते मास्तरणीले बोलावतेत तिथून. मागं घे."

भाचीनं माझ्याकडं पाहिलं, मग मागं घेतलं. एक पांढरी खोली. मास्तरीण येते, तिच्यापुढं टेबलावर एक घड्याळ ठेवतात. ती ते घड्याळ हातात घेते, उलटं करते, अंगठ्यानं पुसते. तो तरुण साहेब विचारतो, तुमच्या पतीचं आहे का? ती म्हणते, हो. एवढंच. रडत नाही, ओरडत नाही. मग खुर्चीवर बसते आणि स्वेटरची वरची गुंडी काढते, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसानं काढावी तशी.

"बरं झालं बाई तुझं," वहिनी टीव्हीला म्हणाली. "सापडला."

कोतवालांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. अंगणवाडीच्या बाईंनी चिवड्याचा डबा उचलला, झाकण लावलं, आणि दोघंही आपापल्या घरी गेली. भाची आतल्या खोलीत जाऊन पडून राहिली.

ऊन उतरल्यावर वहिनी कूलरच्या टाकीत पाणी टाकत होती, मी नळावर बादली भरून देत होते. तिनं माझ्याकडं न पाहता विचारलं, "त्या बाईले घड्याळ दाखवलं. तुमाले काय दाखवत ताई?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं. मी म्हटलं, "काय दाखवतीन? माणूस दाखवत."

"तोंड?"

मी बादली खाली ठेवली. "तोंड नाई पाह्यलं मी कोणाचंच."

खरंच नव्हतं पाहिलं. पहिल्या वेळी आत गेले, चादरीचं टोक दिसलं आणि मी भिंतीकडं तोंड फिरवलं. हवालदाराला म्हटलं, भाऊ, तोंड नका दाखवू. तो असला तर ते तोंड जन्मभर डोळ्यांपुढं राहील. हात तेवढा बाहेर काढा. माणूस भला होता, त्यानं उजवा हात काढून दाखवला. पुढं प्रत्येक ठिकाणी मी तेच सांगायची, हात दाखवा. कोणी कुरकुर केली तर आवाज चढवायची. एवढं सगळं वहिनीला सांगितलं.

"हातावरून कसं वळखत होत्या तुम्ही?"

"नखं पाहून. दादाच्या नखात रंग राहे ना! निळा नाईतं पिवळा. घासलेटनं किती बी धुतलं तरी कोपऱ्यात राहेच. साफ नखं दिसली का मी म्हणे, हा नाई."

वहिनीच्या हातातली बादली तशीच तिरपी राहिली. टाकी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं, तिच्या पायांवरून, तरी ती हलली नाही.

"ताई," ती म्हणाली, "त्यायनं ब्रश सोडला होता."

"कधी?"

"फ्लेक्स आल्यावर पाट्या कुठं होत्या? शेवटची दोन वर्सं घरीच तं होते. तुम्ही पहाटच्या गाडीले जात, अंधार पडल्यावर येत. नखं साफ होती त्यायची. मीच कापून देत होती, ओट्यावर बसून."

मी खाली बसले. ओल्या जमिनीवरच बसले. मी पाहिलेले सगळे हात एकामागून एक डोळ्यांसमोर आले. सगळ्यांची नखं साफ होती. साफच असणार, माणसांची नखं साफच असतात. त्यातला एक हात, हिंगणघाटच्या बाजूला पाहिलेला, लांब बोटांचा. दुसरा एक पावसाळ्यातला, सुजलेला. मी त्यांच्याकडं पाहून 'हा नाई' म्हटलं आणि बाहेर येऊन पोहे खाल्ले. एका घरात राहून भावाचे हात मी दोन वर्षं पाहिले नव्हते! मनात त्याचे जुनेच हात होते, रंगाचे, आणि मी तेच शोधत फिरत होते.

"कोणता असन गं वैनी?" मी म्हटलं. "कोणता असन?"

"ते आता कोणी सांगू शकत नाई." वहिनी माझ्याजवळ बसली. "तुमची चूक नाई ताई. मी गेली असती तं मले हात बी पाहावला नसता."

"तू काऊन विचारलं नाई कधी?"

तिनं पदराचं ओलं टोक पिळलं. मग म्हणाली, "तुम्ही दर वेळी दारातून ओरडत येत. हा नाई वैनी, हा नाई. अन् हसत. मले तं लई दिवसापासून वाटे, हे काई आता येत नाईत. येणारा माणूस येवढे दिवस राह्यत नाई. पण तुमचं ते हसणं पाह्यलं का मी म्हणे, राहू द्या. यायचा येकच भाऊ हाय."

म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यासाठी थांबली होती. मी तिच्यासाठी नाही, ती माझ्यासाठी.

"पोरीच्या पत्रिकेवर कालकथित लिहा," ती म्हणाली. "त्या बाईसारखं आपल्याले कोणी बोलावून सांगणार नाई. आपणच म्हणा लागते."

"माह्या भावाले मारू नको वैनी!" मी ओरडले. असं ओरडले की भाची आतून धावत आली. "मारू नको त्याले! तू लिहिलं का तो मेला! मंग कुठी पाहू मी त्याले?"

वहिनीनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तिच्याहून मी दीडपट, तरी ओढून घेतलं. "मी मारून नाई राह्यली ताई," ती म्हणत होती, "मी घरी आणून राह्यली त्यायले. त्यायले जलदान नाई, पुण्यानुमोदन नाई, गेलेल्या माणसाचं काईच केलं नाई. किती दिवस बाहेर ठेवता?" मग तीही रडली. भाची आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली. कोणी नळ बंद केला नाही.

मंगळवारी मी वर्ध्याला गेले. भाची म्हणत होती, मोबाइलवरून पाठवते, तुला जायची गरज नाही. मी म्हटलं, मी जाईन. आजवर त्याच्यासाठी सगळीकडं मीच गेले होते, हेही दुसऱ्यानं कशाला करायचं?

छापखानावाला कॉम्प्युटरवर बसलेला. मजकूर तयारच होता, एका जागी फक्त टिंब-टिंब. त्यानं चष्मा वर केला. "हं, बोला बाई. वधूपित्याच्या नावाआधी काय टाकू? आयुष्मान का..."

"कालकथित," मी म्हटलं. जन्मात एवढ्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं विचारलं, "काय म्हटलं?" मग पुन्हा म्हणावं लागलं.

त्यानं टाइप केलं. अक्षरं दिसली पडद्यावर, छापाची, सरळसोट. मग तो आपला रीत म्हणून बोलला, जसं कोणीही बोलतं, "अरेरे. कधी गेले?"

मी जन्मभर उत्तरं दिली आहेत. गाडी कधी येईल, कधी सुटेल, कधी पोचेल. उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही.

"रविवारी," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "रविवारी? म्हंजे परवा?"

"हाव. परवा."

"अन् लग्न पुढच्या महिन्यात..." तो गडबडला. "तारीख बदलवायची का मंग?"

"नाई. तारीख तेच ठेवा."

तो उठला, स्टूल पुढं केलं, पाण्याची बाटली दिली. मी बसले आणि मग मला जे रडू फुटलं ते माझ्या आवाजातलं रडू होतं, पूर्ण गाडीला ऐकू जाईल असं. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं उठून दारात आली. कोणीतरी विचारलं, काय झालं बाईले?

"भाऊ गेला त्यायचा," छापखानावाला म्हणाला. "परवाच."

मी मान हलवली.